मुलांच्या कार्टूनसमोर आईवडिलांनी बसावे का, आणि बसल्यावर काय करावे?

प्रश्न
धागाकर्ती : जाईची वेल

नमस्कार.

मुलांनी टीव्ही किती वेळ पाहावा यावर भरपूर लिहिले जाते. मला मात्र त्या वेळात मोठ्यांनी काय करावे, हे विचारायचे आहे.

आमची मुलगी चार वर्षांची आहे आणि मुलगा आठ वर्षांचा. संध्याकाळी ठरावीक वेळ दोघे मिळून मुलांच्या मालिका पाहतात. तेवढ्यात हातातली कामे उरकून घ्यावीत असे अनेकांनी सुचवले, आणि बऱ्याच घरांत तेच सोयीचे असते याची मला जाणीव आहे. पण या मालिका मला स्वतःलाच इतक्या आवडू लागल्या आहेत की शक्य असेल तेव्हा मी मुलांच्या शेजारी जाऊन बसते. मोठ्यांच्या मालिकेत एक गैरसमज महिनोन्महिने पुरतो. मुलांच्या मालिकेत तो पाच मिनिटांत निर्माण होतो, वाढतो, मिटतो आणि शेवटी सगळे एकत्र हसतात. दिवसभराच्या धावपळीनंतर अशी पाच मिनिटे मलाही हवीहवीशी वाटतात.

सध्या मुलीचे सगळ्यांत लाडके पात्र म्हणजे पिंगू. मातीच्या बाहुल्यांची ही मालिका १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधील दूरचित्रवाणीवर सुरू झाली. बर्फाच्या घरात राहणारे पेंग्विनचे एक पिल्लू, टपाल वाटणारे त्याचे बाबा, आई आणि धाकटी बहीण पिंगा, एवढाच हा संसार. यातील पात्रे कोणत्याही खऱ्या भाषेत बोलत नाहीत. कुरकुर, बडबड आणि चिडल्यावर कर्ण्यासारखी लांब झालेली चोच, एवढ्यावर सगळी गोष्ट उभी राहते. त्यामुळे आमच्याकडे संवाद मुलगी पुरवते. पिंगूने बहिणीला बाजूला सारले की त्या वेळी तो नेमके काय म्हणाला, हे ती आम्हाला मोठ्या गांभीर्याने सांगते, आणि ते दर वेळी वेगळे असते. परवा पिंगू म्हणाला, "आधी मला एकट्याला खेळू दे, मग तुला घेतो." त्याच दिवशी सकाळी दादाने तिला हेच वाक्य ऐकवले होते. दादा क्षणभर गप्प झाला, आणि भाग संपल्यावर त्याने स्वतःहून ठोकळ्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला. मी शेजारी बसले होते म्हणून मला हे पाहायला मिळाले.

आता माझे प्रश्न. मुलीला एकच भाग पुन्हा पुन्हा पाहायचा असतो. तिला नवे काही दाखवण्याचा आग्रह धरावा, की तिच्या कलाने घ्यावे? दुसरे म्हणजे, पाहताना मध्येच बोललेले, प्रश्न विचारलेले चांगले, की मुलांना शांतपणे पाहू द्यावे? मुलगी माझ्या प्रश्नांना आनंदाने उत्तरे देते, पण मुलगा वैतागतो आणि "आई, ऐकू येत नाही" म्हणतो. आणि तिसरी गोष्ट, टीव्ही बंद करण्याची वेळ. ती शांततेत पार पाडण्याचा उपाय कोणाला सापडला असेल, तर तो अवश्य सांगावा.

प्रतिसाद १
खडू-फळा

मी बालशिक्षणाच्या क्षेत्रात काम करते, आणि मुलांच्या मालिका कशा घडतात हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

एकाच भागाच्या हट्टाबद्दल आपण पूर्णपणे निश्चिंत राहावे. निकलोडियन वाहिनीवर १९९६ मध्ये 'ब्लूज क्लूज' ही मालिका सुरू झाली. एका कुत्रीने ठेवलेल्या पाऊलखुणांवरून कोडे सोडवायचे, अशी तिची रचना होती. तिच्या कर्त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला, तो म्हणजे एकच भाग सोमवार ते शुक्रवार सलग पाच दिवस दाखवण्याचा. मोठ्यांच्या वाहिनीवर असे केले तर प्रेक्षक पाठ फिरवतील. इथे मुले रोज अधिक उत्साहाने येऊन बसू लागली. डॅनियल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांना एकच भाग वारंवार दाखवून जो अभ्यास केला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की पुनरावृत्तीबरोबर मुलांचे आकलन वाढत जाते आणि त्यांचा सहभागही वाढतो. सुरुवातीला मूल मुख्यतः समजून घेण्यात गुंतलेले असते. गोष्ट ओळखीची झाली की ते उत्तरे ओरडून सांगू लागते, पात्राला सावध करू लागते, पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे याचा अभिमान मिरवू लागते. मोठ्यांच्या जगात मुलांना पुढचे काहीच ठाऊक नसते. कोण कधी येणार, कुठे जायचे, कधी निघायचे, हे सगळे दुसरेच ठरवतात. पाठ झालेल्या भागात मात्र सर्वज्ञ तेच असते. हा आनंद त्याच्याकडून काढून घेऊ नये, असे मला अगदी मनापासून वाटते.

बीबीसीच्या 'टेलिटबीज' या १९९७ मधील मालिकेत तर हा हट्ट रचनेतच सामावून घेतला होता. पात्रांच्या पोटावरील पडद्यावर खऱ्या मुलांची एक छोटी चित्रफीत दिसायची, ती संपली की पात्रे "पुन्हा, पुन्हा!" असा गलका करायची आणि तीच चित्रफीत सुरुवातीपासून दाखवली जायची. घरातील मोठी माणसे चकित होत, आणि ज्यांच्यासाठी ती केली होती ती लहानगी मुले खूश असत.

मध्ये बोलावे का, या प्रश्नाचे उत्तरही 'ब्लूज क्लूज'मध्येच आहे. त्यातील सूत्रधार प्रश्न विचारून झाल्यावर थांबतो, कॅमेऱ्याकडे पाहत राहतो आणि मोठ्यांना अवघडल्यासारखे वाटेल इतका वेळ गप्प राहतो. लहान मुलाला प्रश्न ऐकून, विचार करून, शब्द शोधून उत्तर द्यायला तेवढा वेळ खरोखरच लागतो. आपण घरी प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत उत्तरही आपणच देऊन टाकतो. म्हणून माझे सांगणे असे, की प्रश्न कमी विचारावेत, पण विचारल्यावर थांबावे. शेजारी बसण्याचा उपयोग होतो यात मात्र शंका नाही. एका रस्त्यावरची माणसे आणि बाहुल्या यांच्या 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकेतील मुलांच्या मालिकेवर १९८४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात ३ ते ४ वर्षांच्या मुलांबरोबर मोठे माणूस बसले होते; ज्या गटात त्या माणसाने पडद्यावरील अक्षरे आणि अंक मुलांना विचारले आणि त्यांच्या उत्तरांना दाद दिली, त्या गटातील मुलांना ती अक्षरे आणि अंक नंतर अधिक चांगले ओळखता आले.

'सेसमी स्ट्रीट'चा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १० नोव्हेंबर १९६९ रोजी ही मालिका सुरू होण्यापूर्वी संशोधक एडवर्ड पामर यांनी तिची परीक्षा एका साध्या युक्तीने घेतली. टीव्हीच्या शेजारी एक दुसरा पडदा ठेवायचा, त्यावर दर साडेसात सेकंदांनी नवे चित्र येत राहील अशी व्यवस्था करायची आणि मूल कोणत्या क्षणी टीव्हीवरची नजर काढून त्या चित्राकडे वळते, हे टिपायचे. या नोंदींतून उघड झाले की बाहुल्या पडद्यावर आल्या की मुले खिळून राहतात आणि रस्त्यावरची नुसती माणसे बोलू लागली की त्यांची नजर भिरभिरू लागते. तोवर तज्ज्ञांचा सल्ला असा होता, की कल्पित बाहुल्या आणि खरी माणसे यांची सरमिसळ करू नये, मुलांचा गोंधळ होईल. निर्मात्यांनी तज्ज्ञांचे बाजूला ठेवून मुलांचे ऐकले, आणि त्यातून बिग बर्ड हा अवाढव्य पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा चिडका ऑस्कर, हे दोघे रस्त्यावर माणसांमध्ये राहायला आले. शिवाय मोठ्यांनाही हसू यावे असे विनोद आणि नामवंत पाहुणे या मालिकेत मुद्दाम योजले जात, कारण आईवडील शेजारी बसले तर मुले अधिक शिकतील, ही अपेक्षा सुरुवातीपासूनच होती. तेव्हा आपण पडद्यासमोर बसता आणि खळखळून हसता, त्यात आगंतुकपणा अजिबात नाही. आपल्यासाठी तिथे जागा राखून ठेवलेली आहे.

प्रतिसाद २
दोन मुलींचा बाबा

धागा अतिशय आवडला. वरचा प्रतिसादही.

मला बापाच्या बाजूने लिहायचे आहे. आमच्याकडे 'ब्लूई'चे राज्य आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये सुरू झालेली ही मालिका; एक भाग साधारण सात मिनिटांचा; निळी ब्लूई आणि तिची तांबूस बहीण बिंगो ही कुत्र्याची पिल्ले, त्यांचे आईबाबा आणि त्यांचे घरगुती खेळ, एवढाच तिचा ऐवज. त्यातील एक भाग फक्त एका फुग्याचा आहे. फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढाच नियम. दोघी बहिणी धावत राहतात आणि खेळ सोपा होतोय असे वाटले की बाबा तो मुद्दाम अवघड करतात. आमच्या घरी हा भाग संपायच्या आत मुली उठून उभ्या राहिल्या होत्या. फुगा शोधला, फुगवला, आणि मग पलंगावरून, खुर्चीवरून, एकदा तर माझ्या पाठीवरून उडी मारून तो वाचवण्यात आला. थोरली ओरडून धाकटीला दिशा सांगत होती आणि धाकटी, जिला एरवी थोरलीने काही सांगितलेले खपत नाही, ती बिनतक्रार ऐकत होती. टीव्ही केव्हाच बंद झाला होता आणि कोणाच्या ते लक्षातही आले नाही. मुलांची मालिका चांगली आहे की नाही, हे ठरवायला मी तेव्हापासून एवढेच पाहतो, की ती संपल्यावर मुले काय करतात. उठून काही करावेसे वाटले, तर मालिका चांगली. निपचित पडून पुढच्या भागाची वाट पाहत राहिली, तर ती मालिका आमच्याकडे फार काळ टिकत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीने बोलायचे आहे. कार्टूनमधले वडील कसे असतात, याकडे आपण लक्ष देतो का? बऱ्याच मालिकांत बाबा हे पात्र हसे करून घेण्यासाठीच असते. त्याला चित्र टांगता येत नाही, नकाशा वाचता येत नाही, आणि त्याच्या पोटावरून तर सगळ्यांनी बोलायचेच असते. 'पेपा पिग' या डुकरांच्या कुटुंबाच्या मालिकेतील डॅडी पिग मला मनापासून आवडतो, कारण तो कधी चिडत नाही आणि स्वतःवर सगळ्यांबरोबर हसतो. पण मुलींना घरातला बाबा म्हणजे नेहमी गडबड करणारा माणूस, असे वाटू लागू नये, हीदेखील माझी इच्छा असते. 'ब्लूई'चे बाबा मला जवळचे वाटतात ते याच कारणाने. तेही दमतात, त्यांनाही कधी खेळायचा कंटाळा येतो, पण एकदा खेळात शिरले की ते पूर्ण शिरतात आणि स्वयंपाकघर, कपड्यांच्या घड्या, मुलींची अंघोळ यांत त्यांचा सहभाग गृहीत धरलेला असतो. कोणी त्याचे कौतुक करत बसत नाही. माझ्या धाकटीने एकदा विचारले, "ब्लूईचे बाबा ऑफिसला जात नाहीत का?" त्यांना खरोखर नोकरी आहे, ते पुरातत्त्वज्ञ आहेत, हे मी सांगितले; मग पुरातत्त्वज्ञ म्हणजे काय, यावर आमच्या गप्पा झोपेपर्यंत चालल्या.

'पेपा पिग'चीच आणखी एक हकिकत. २००४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत गाडीत कोणीच सीटबेल्ट लावत नसे. पालकांनी तक्रारी केल्या, आणि पुढच्या भागांत सगळे डुकराचे कुटुंब व्यवस्थित पट्टे लावून बसलेले दिसू लागले. ऑस्ट्रेलियात तर कोळी हा घाबरण्याजोगा प्राणी नाही असे सांगणारा एक भाग सार्वजनिक वाहिनीने प्रसारणातून वगळला, कारण तिथे काही कोळी खरोखरच विषारी असतात. मुले जे पाहतात ते जसेच्या तसे खरे मानतात, हे ध्यानात घेऊन पाच मिनिटांच्या डुकराच्या गोष्टीबद्दलही कोणी इतका विचार करते, याचा मला फार आनंद होतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर माझे मत: धाकटीशी पाहताना बोलावे, थोरल्याशी पाहून झाल्यावर. आठ वर्षांच्या मुलाला कथानक हवे असते, त्यात व्यत्यय आला की तो चिडणारच, आणि त्याचे चिडणे रास्त आहे.

प्रतिसाद ३
आजोबांचा चष्मा

मी आजोबा या नात्याने लिहीत आहे. नातू पाच वर्षांचा आहे.

सोबत बसण्याचे एक कारण अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मुलांच्या मालिकांत कधी कधी असा विषय येतो, की त्या क्षणी मुलाला आपल्या माणसाचा हात जवळ लागतो. 'सेसमी स्ट्रीट'मध्ये मिस्टर हूपर नावाचे दुकानदार होते. ती भूमिका करणारे अभिनेते विल ली १९८२ च्या डिसेंबरमध्ये वारले. निर्मात्यांपुढे सोपे मार्ग होते. नवा अभिनेता घ्यायचा, किंवा हूपर गाव सोडून गेले असे सांगून मोकळे व्हायचे. त्यांनी मुलांना खरे सांगायचे ठरवले. बिग बर्ड सगळ्यांची चित्रे काढून आणतो, वाटतो, आणि हूपर यांचे चित्र हातात धरून ते कुठे आहेत असे विचारतो. मग मोठी माणसे त्याला समजावतात, की ते आता परत येणार नाहीत. तो भाग १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील एका मोठ्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम ठेवला होता, कारण त्या दिवशी आईवडील घरी असतील आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला शेजारी कोणीतरी असेल. ज्यांनी हा दिवस निवडला, त्यांच्या समजूतदारपणाला माझा नमस्कार आहे. प्रश्न पडद्यावर पडतो, पण त्याचे उत्तर घरातच मिळावे लागते.

फ्रेड रॉजर्स या सूत्रधारांचेही असेच. १९६८ पासून त्यांचा कार्यक्रम अमेरिकाभर दिसू लागला. ते घरात येत, कोट काढून स्वेटर घालत, बूट बदलत आणि मुलांशी सावकाश बोलत. कार्यक्रमात माशांची एक टाकी होती. माशांना खाऊ घालताना ते तसे मोठ्याने सांगत असत, कारण एका दृष्टिहीन मुलीला दिसत नसल्यामुळे मासे उपाशी तर नाहीत ना, अशी काळजी लागून राहिली होती आणि तिच्या घरून तसे पत्र आले होते. हे वाचल्यापासून मीही नातवाजवळ बसलो की काय करतो आहे ते सहज सांगत राहतो. चष्मा पुसतो आहे, खिडकी लावतो आहे, आता तुझ्या शेजारी बसतो आहे. त्याला ते फार आवडते.

एक आग्रहाची विनंती आहे. मुलांची मालिका मुलांबरोबर पाहावी, पण कोणीच पाहत नसताना टीव्ही नुसता चालू ठेवू नये. मोठ्यांचा कार्यक्रम मागे चालू असेल तर एक ते तीन वर्षांची मुले टीव्हीकडे क्वचितच पाहतात, तरीही त्यांचा खेळ तुटक होतो आणि शेजारी बसलेले आईवडीलही त्यांच्याशी कमी बोलतात, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. आणि अगदी तान्ह्यांच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्टच सांगितले आहे, की एक वर्षाच्या आतील मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. धागाकर्त्या ताईंची मुलगी या वयोगटात येते, म्हणून लिहिले. त्यांच्या घरी वेळ ठरलेली आहे, हे वाचून बरे वाटले.

प्रतिसाद ४
पोस्टकार्ड

तिसरा प्रश्न राहिला आहे, तो मी घेते. आमच्याकडे तिघे आहेत आणि टीव्ही बंद करणे हा आमच्या घरचा मोठा विषय आहे.

सगळे सांगतात, की पाच मिनिटे आधी सूचना द्यावी. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरांतून नोंदी घेतल्या, तेव्हा याच्या उलट चित्र दिसले. "आता दोनच मिनिटे" असे बजावल्यावर मुले उलट जास्त अस्वस्थ होत होती. जिथे बंद करणे हा रोजच्या क्रमाचा भाग होता, किंवा जिथे भाग आपोआप संपून पडदाच थांबत होता, तिथे मुले बऱ्यापैकी शांतपणे उठत होती. विचार केला तर ते पटते. आईने मध्येच बंद केले, तर वाद आईशी घालता येतो. गोष्टच संपली, तर वाद घालायचा कोणाशी?

म्हणून आम्ही मिनिटांचा हिशेब सोडून दिला आणि भागांचा हिशेब ठेवतो. किती भाग, ते बसण्यापूर्वी ठरते, आणि ते मुले स्वतः निवडतात. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकावी. ते सगळ्यांत महत्त्वाचे आहे. दोन भागांच्या मधल्या त्या काही सेकंदांत पुढच्या भागाचे चित्र आणि गाणे सुरू झाले, की मुलाच्या दृष्टीने नवी गोष्ट सुरू झालेली असते, आणि ती अर्धवट तोडणे हा त्याच्यावर खरोखरच अन्याय असतो. ती सोय बंद केल्यापासून आमच्या घरी शेवटचे गाणे वाजते, नावे वर सरकत जातात, पडदा थांबतो आणि तिघांपैकी एक जण स्वतः रिमोट उचलून बटण दाबतो. तो मान त्या दिवशी त्याचा. त्या बटणाच्या मानावरून मात्र तिघांत वाद होतात, म्हणून तो रोज एकेकाला आळीपाळीने मिळतो.

बंद झाल्यावर लगेच काहीतरी ठरलेले असावे. आमच्याकडे शेवटच्या भागातील एक प्रसंग तिघे मिळून करून दाखवतात, आणि पाहणारे मोठे माणूस कोणत्या मालिकेतला प्रसंग ते ओळखते. धाकटी नेहमी खलनायक होते. तिला संवाद येत नाहीत, पण ती भुवया फार छान उंचावते.

जाईची वेल

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. इतकी नेमकी उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

आपोआप सुरू होण्याची सोय प्रतिसाद वाचल्या वाचल्या बंद केली. एकाच भागाचा आग्रह आता मी आनंदाने पुरवणार आहे, आणि प्रश्न विचारल्यावर थांबण्याची सवय करते आहे. काल पिंगूच्या भागात मुलीला विचारले, "पिंगा का रडते आहे?" मग मी काही न बोलता बसून राहिले. बराच वेळ ती काहीच बोलली नाही, आणि मला वाटले की तिने ऐकलेच नाही. नंतर म्हणाली, "तिला रडायचे नव्हते, पण पिंगूने पाहिले म्हणून रडली." इतके बारीक निरीक्षण मला सुचले नसते.

आजोबांचा मुद्दा वाचून मी मुलाशीही बोलले. त्याला पाहताना बोललेले नको असते, पण झोपताना तो स्वतःहून मालिकेबद्दल बोलायला लागतो, हे माझ्या आता लक्षात आले. तेव्हा त्याच्याशी गप्पा अंथरुणावर आणि मुलीशी पडद्यासमोर, असे ठरवले आहे.

एकच अडचण उरते. आठ वर्षांच्या मुलाला आता पिंगू "बाळांचा" वाटतो, आणि त्याला आवडणाऱ्या साहसाच्या मालिका मुलीला भीतिदायक वाटतात. दोघांना एकत्र बसवायचे तर काय पाहावे?

खडू-फळा

दोघांसाठी एकच मालिका शोधत बसू नका. चार आणि आठ यांत खूप अंतर आहे. त्यापेक्षा दोघांना दोन वेगळी कामे द्या. मुलीच्या मालिकेत मुलाला जाणकाराचे काम द्यावे. पिंगू मातीचा आहे, आणि प्रत्येक हालचालीसाठी बाहुली किंचित हलवून एकेक छायाचित्र घ्यावे लागते, हे त्याला सांगा. मातीचा गोळा घेऊन त्याने मोबाइलवर स्वतः तसे करून पाहिले, की त्याच भागाकडे तो कारागिराच्या नजरेने पाहू लागेल आणि "बाळांचा" हा शब्द आपोआप गळून पडेल. एका सेकंदाच्या हालचालीसाठी डझनभर छायाचित्रे तरी काढावी लागतात, तेव्हा धाकट्या बहिणीची मदत त्याला लागेलच. बाहुली हलवणे एकाचे आणि बटण दाबणे दुसरीचे.

त्याच्या साहसाच्या मालिका मात्र तिला आत्ताच दाखवू नयेत. त्या वेळी तिला दुसऱ्या खोलीत कोणाबरोबर तरी खेळू द्यावे, आणि ती वेळ फक्त त्याची आणि आपली असू द्यावी. मोठ्या मुलाला आई एकट्याला मिळण्याचे प्रसंग घरात तसेही कमी येतात.